वाण

ढवळ्याशेजारी पवळा बांधला
तर वाण नाही, गुण लागतो,
असं म्हणणाऱ्याने
लिड्सडेलची आमची टेकडी पाहिलेली नाही.
इथे वाणच लागतो.

काळी गॅलोवे, बिनशिंगी, अंगावर दुहेरी लोकर,
वाऱ्याकडे पाठ करून उभी.
तिला पांढरा शॉर्टहॉर्न दाखवायचा.
नऊ महिने, आणि वर नऊ-दहा दिवस,
मग जे पडतं ते निळं.

निळं म्हणजे आभाळासारखं नव्हे.
पाटीवरचा खडू ओल्या फडक्याने पुसल्यावर
मागे जे उरतं, तसं.
जवळ जाऊन अंगावर फुंकर घाला:
एक केस काळा, एक पांढरा, एक काळा, दोन पांढरे.
निळा एकही नाही.
तो रंग दहा पावलांवरूनच दिसतो.

माझे वडील, आर्ची टेलफर,
वहीत पेन्सिलीने लिहीत: तारीख, गाय, वळू, वजन.
दूध तुटताना निळं वासरू
निर्भेळ काळ्यापेक्षा बावीस किलोंनी भारी.
आईकडून थंडी सोसणं, बापाकडून अंग धरणं,
आणि दोघांकडेही नव्हता असा एक हट्ट,
जो कुठून येतो ते वहीत कुठेच नाही.

लाँगटाउनच्या बाजारात
गिऱ्हाईक रंग बघून बोली चढवतं.
कातडं उतरल्यावर रंग कुठे राहतो, मी विचारलं होतं.
वडील म्हणाले, रंग ही पावती आहे.
मालाची नव्हे, आईबापांची.

एकोणीस वर्षांची असताना मी
एक निळा गोऱ्हा खच्ची न करता
वरच्या गोठ्यात लपवून वाढवला.
निळ्याला निळी. सरळ हिशोब.
मग कशाला आणायचा दर चार वर्षांनी
पैसे मोजून तो पांढरा?

मार्चमधली रात्र. टॉर्च धरून बसले.
ओलं वासरू चिखलाच्याच रंगाचं असतं.
गाय चाटत होती, चाटत होती,
आणि जिभेखालून हळूहळू वर आलं
काळं. पूर्ण काळं, आजीचं.
त्या आठवड्यात दुसरं आलं ते पांढरं.
तिसरं-चौथं निळं,
पण शरदात काट्यावर चढवली
तर त्या हट्टातला निम्मा
वाटेतच कुठेतरी सांडलेला.

वडील फाटकाशी आले. चौघांकडे पाहिलं.
पत्ते पिसलेस, एवढंच म्हणाले,
आणि माझ्या गोऱ्ह्याला ट्रेलरमध्ये चढवलं.

लोक विचारतात, यात माणसांसाठी काही आहे का.
नाही. माणसांना हे लावू नका.
गाईंसाठीही यात फार नाही.
निळा खोंड अडीच वर्षांत खाटकाकडे जातो
आणि मीच त्याला नेते,
आरशात सगळा रस्ताभर
गजांमधून आलेलं त्याचं ओलं नाक.

वडील गेल्यावर वह्या आवरल्या.
एक अठ्ठावन्न सालची, उंदरांनी कडा खाल्लेली.
त्यांचंच अक्षर, पण अजून कोवळं:
निळा, निळी. एक पांढरं, दोन काळी, एक निळं.
आणि खाली, पेन्सिल दाबून:
बाबांना सांगितलं नाही.

ती वही मी स्वयंपाकघरात ठेवली आहे,
चहाच्या डब्यामागे.
निळं साठवता येत नाही हे
आमच्या घरात प्रत्येकाने एकेकट्याने शोधलं
आणि प्रत्येकाने लपवलं.

गुरुवारी नवा पांढरा येतोय,
ब्यूकॅसलच्या नॅन रटलिजकडून.
तिच्याकडे त्या पांढऱ्यांच्या पाचच गाई उरल्यात,
आणि तिची लेक कार्लाइलला
माणसांचे दात बघते, गुरांचे नाही.
पुढचा कुठून आणणार, मी विचारलं नाही,
तिनेही काढलं नाही.

खालच्या फाटकाची कडी बसत नाही.
तो यायच्या आत ती ठोकायला हवी.